जूनमधली मेडीआ : स्टार ऑफ इंडियाना, १९९३

ऑगस्ट १९९३. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात ड्रम कोअर इंटरनॅशनल या वाद्यपथकांच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. पहिले आले न्यू जर्सीचे कॅडेट्स ऑफ बर्गन काउंटी, ९७.४ गुण. दुसरे आले ब्लूमिंग्टनचे स्टार ऑफ इंडियाना, ९७.३. शंभरात एक दशांश गुणाचा फरक. या एक दशांशावरून जुनी मंडळी आजही तावातावाने भांडतात, आणि भांडण रंगात आलं की कुणीतरी म्हणतंच, "अहो, जूनमध्ये तर लोकांना काडीचंही कळलं नव्हतं!"

निकालावर बोलून बोलून त्याचा चोथा झालाय. मला रस आहे तो त्या जूनमध्ये. हंगामाच्या सुरुवातीला एखादा कार्यक्रम बघून आपण स्टँडमधून उतरता उतरता मत ठोकून देतो. त्या मतात कार्यक्रमाच्या रचनेचा भाग किती आणि जून महिन्याचा भाग किती, हे तपासायला स्टारच्या त्या वर्षीच्या कार्यक्रमाइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं सापडत नाही. त्या उन्हाळ्यात मी स्टँडमध्ये नव्हतो. मैदानावरच्या गोष्टी ध्वनिचित्रफितीतून पाहिलेल्या आहेत आणि प्रेक्षकांच्या गोष्टी त्या वेळी तिथे असलेल्यांनी वर्षानुवर्षं सांगितलेल्या आहेत. त्यात अतिशयोक्ती असणार, पण सगळ्यांची अतिशयोक्ती एकाच दिशेने जाते, तेव्हा ती मनावर घ्यावी लागते.

ज्यांनी ड्रम कोअर पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि ध्वज, लाकडी रायफली, तलवारी घेऊन नाचणारं कलर गार्ड, एवढाच संच. क्लॅरिनेट नाही, बासरी नाही, सॅक्सोफोन नाही. १९९३ मध्ये एका कोअरमध्ये जास्तीत जास्त १२८ जण असत आणि वयाची मर्यादा २१ होती. रंगमंच म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं मैदान : १०० यार्ड लांब, १६० फूट रुंद, दर पाच यार्डांवर पांढरी रेघ. आठ पावलांत पाच यार्ड हे मूळ माप, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. पुण्यातलं ढोल-ताशा पथक आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून, टोल छातीत घेत ऐकतो. इथे प्रेक्षक एकाच बाजूला आणि उंचावर बसलेला असतो, त्यामुळे मैदानावरच्या माणसांपेक्षा माणसांनी केलेले आकार त्याला आधी दिसतात. या आकारांच्या आराखड्याला ड्रिल म्हणतात. संगीत, ड्रिल, गार्डचं नृत्य, पोशाख आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारी कल्पना मिळून जे होतं ती 'शो डिझाइन'. मी तिला रचना म्हणतो.

आणखी एक गोष्ट आज विसरायला होते. १९९३ मध्ये मायक्रोफोन नव्हते. ध्वनिवर्धनाला परवानगी मिळाली २००४ मध्ये, सिंथेसायझरला २००९ मध्ये. झायलोफोन, मरिंबा, टिंपनी मैदानाच्या पुढच्या कडेला ठेवून वाजवायच्या आणि त्यांचा जो आवाज पोचेल तेवढाच पोचायचा. आजचा कार्यक्रम डोळ्यासमोर ठेवून त्या काळच्या रचनेला जोखायला गेलं की इथेच पाय घसरतो.

आता जून. मे महिन्यात मुलं एकत्र येतात, एखाद्या कॉलेजच्या मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत घाम गाळतात, व्यायामशाळेच्या फरशीवर झोपतात. जूनच्या मध्यावर दौरा सुरू होतो तेव्हा कार्यक्रम बसलेला असतो असं म्हणणं धाडसाचं. शेवटचा भाग कधी शिकवलेलाच नसतो, मग संगीत संपवण्यासाठी सगळे कमानीत उभे राहून वाजवून टाकतात. गार्डच्या हातात सरावाचे कोरे ध्वज असतात, कारण खरे अजून शिवले जात असतात. गुण साठ-सत्तरच्या घरात येतात आणि त्यावर कुणी उसासे टाकत नाही. स्पर्धा संपली की प्रशिक्षक परीक्षकांबरोबर बसतात, टीका ऐकून घेतात, बसमध्ये वाद घालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना सांगतात की अमुक सोळा ठोके आता विसरा, त्यांच्या जागी हे घ्या.

इंडियानात आमच्या ओळखीतली एक मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन हे पितळी वाद्य वाजवते. एकदा जूनमधल्या कार्यक्रमाला सोबत होती. मी कलर गार्डच्या रंगसंगतीबद्दल काहीतरी पल्लेदार बोलत होतो, तर ती म्हणाली, "काका, जूनमध्ये रंग कोण बघतं? पाय बघा. पाय एकत्र पडत नसतील तर ते ऑगस्टपर्यंत सुधारेल. पाय एकत्र पडूनही कंटाळा आला, तर मग लिहिणाऱ्याचं चुकलंय." पंधरा वर्षांच्या पोरीने ड्रिल-लेखकाला दिलेला हा शेरा मी तेव्हापासून स्वतःचा म्हणून खपवत आलोय. पण स्टारच्या बाबतीत तो एका ठिकाणी अडतो. त्याकडे येतोच.

स्टार ऑफ इंडियाना १९८४ मध्ये स्थापन झालं. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कुक ग्रुपचे बिल कुक हे त्याचे आश्रयदाते. बहुतेक कोअर एखाद्या गावच्या चर्चमधून किंवा माजी सैनिकांच्या संघटनेतून रडतखडत उभी राहिली, बिंगो चालवून बसच्या डिझेलचे पैसे काढत राहिली. स्टारला तो वनवास झाला नाही. १९८५ या पहिल्याच हंगामात ते अंतिम बारांत पोचले आणि दहावे आले. पदार्पणात अंतिम फेरी गाठणारं ते पहिलंच कोअर. १९९१ मध्ये डॅलसला ते विजेते ठरले, इटालियन संगीतकार रेस्पिगीच्या रोमवरच्या संगीतावर. पैशाच्या जोरावर आलेले, हा टोमणा त्यांच्यामागे कायम होता. जूनमध्ये एखाद्या कोअरला प्रेक्षक किती सवलत देतात हे त्या कोअरच्या पुण्याईवरही ठरतं. स्टारच्या खात्यात कौतुक भरपूर जमलं होतं, पण माया कमी.

१९९३ साठी त्यांनी निवडले दोन संगीतकार, अमेरिकन बार्बर आणि हंगेरियन बार्टोक. कार्यक्रमाचं नावही तेवढंच : बार्बर आणि बार्टोक यांचं संगीत. कथा सांगणारं शीर्षक नाही, बोधवाक्य नाही. कार्यक्रम-दिग्दर्शक जेम्स मेसन, ब्रासचे, म्हणजे पितळी वाद्यांचे, प्रमुख डॉनी व्हॅन डोरेन, ब्राससाठी संगीत बेतणारे जिम प्राइम, तालवाद्यांचे थॉम हॅनम. नवशिके कुणीच नव्हते. तेव्हा जे समोर आलं ते कुणाच्या हातून चुकून झालेलं नव्हतं, हे आधीच मान्य करून पुढे जायला हवं.

संगीताकडे जरा निवांत बघू, कारण अर्धं उत्तर तिथेच दडलंय. सॅम्युएल बार्बरची 'मेडीआ' मुळात अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यासाठी लिहिलेली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या नाट्यगृहात तिचा पहिला प्रयोग झाला. नवऱ्याने दुसरीशी लग्न ठरवल्यावर आपल्याच मुलांचा जीव घेणारी ही ग्रीक शोकांतिकेतली मेडीआ. ग्रॅहॅमला त्या कथेतल्या घटनांपेक्षा मत्सर माणसाच्या पोटात काय करतो हे दाखवायचं होतं, आणि तिची नृत्यपद्धतीही पोटापासूनच सुरू होते : धड आत ओढून घेणं, मग सोडणं. इसामू नोगुची या शिल्पकाराने त्या प्रयोगासाठी मेडीआला अंगावर घेता येईल असा पितळी तारांचा सांगाडा बनवला होता. सत्तेचाळीस वर्षांनी त्याच मेडीआला अंगभर पितळ मिळावं हा योगायोग मला फार आवडतो. पुढे १९५५ मध्ये बार्बरने त्या संगीतातून एक सलग वाद्यवृंद-रचना केली. तिची सुरुवात अगदी हलकी होते : बासरी, झायलोफोन, कुठूनसे येणारे तुटक सूर. मग पियानोवर एक अस्वस्थ आवर्तन सुरू होतं, ते थांबायचं नाव घेत नाही, त्यावर थर चढत जातात आणि शेवटी सगळं अंगावर कोसळतं. गुणगुणत घरी न्यावी अशी चाल तीत शोधूनही सापडत नाही.

बार्टोकचं 'तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टा यांच्यासाठी संगीत' १९३६ मधलं, पहिला प्रयोग बाझलमध्ये जानेवारी १९३७ मध्ये. या कृतीत पितळी वाद्य एकही नाही. म्हणजे फुंकायला केवळ पितळी वाद्यं असलेल्या कोअरने, जिच्यात ती औषधालाही नाहीत अशी कृती निवडली. वरवर पाहता हा उरफाटा कारभार. पण बार्टोकने या कृतीत वादकांनी मंचावर कुठे बसायचं तेही ठरवून दिलंय : तंतुवाद्यांचे दोन गट, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये तालवाद्यं, पियानो, चेलेस्टा, हार्प. आवाज इकडून तिकडे फेकला जावा, एका गटाने विचारावं आणि दुसऱ्याने तोडून टाकावं, ही कल्पना संगीतातच आहे. शंभर यार्डांचं मैदान हाताशी असलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल याचा अंदाज करता येतो. ड्रिल आणि संगीत यांचा जुळा जन्म व्हावा, असं साहित्य क्वचित हाती लागतं. बार्टोकला मैदानावर आणण्याचं कारण मला तरी हेच दिसतं, आणि ते पक्कं कारण आहे.

मैदानावर जे दिसलं ते तितकंच आखीव. अँग्युलर आकार, टोकदार कोपरे, अचानक थांबणं. त्या काळात बहुतेक ब्रास-वादक कमरेवर ताठ राहून चालत असत. स्टारचे वादक शरीर वापरत होते : वाकणं, वळणं, धड आत घेणं, नर्तकांना शोभेल असं. गार्डच्या हातात लांब दांड्या होत्या, आणि रंगीत रेशमाचा जो फडफडाट प्रेक्षकाला हवाहवासा वाटतो त्याला कात्री लावलेली होती. टाळी कुठे वाजवायची याची खूण नव्हती. ड्रम कोअरच्या परंपरेत ही खूण फार मोलाची. सगळं ब्रास पुढच्या रेघेकडे तोंड करून उभं राहतं, कंपनी फ्रंट म्हणतात त्याला, स्वर लांबवतं, आणि तीन हजार माणसं एकाच वेळी उठतात. स्टारने जवळजवळ अकरा मिनिटं प्रेक्षकाला ती संधी हातची राखून दिली.

जूनमध्ये यावर लोक बुचकळ्यात पडले. काही जण चिडले. काही ठिकाणी हुर्यो उडवल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. विशी ओलांडायच्या पोरांवर हुर्यो उडवणं ही या क्षेत्रात अतिशय अशिष्ट गोष्ट, इथे शेवटच्या क्रमांकाच्या कोअरलाही उभं राहून टाळ्या मिळतात. तरीही झालं असेल तर राग वाजवण्यावर नव्हता. वाजवणं तर तेव्हाही अव्वल होतं. राग होता तो आपल्याला बाहेर ठेवल्याचा.

इथे मला जूनच्या तीन तक्रारी वेगळ्या कराव्याशा वाटतात, कारण स्टँडमध्ये त्या एकाच वाक्यात बोलल्या जातात. पहिली, अपुरेपणाची : शेवट नाही, पोशाख अर्धा, ध्वज कोरे. ती आपोआप मिटते, तिच्यावर शाई खर्च करू नये. दुसरी, ढिलेपणाची : पावलं विस्कटलेली, सूर सैल. बहुतेक उन्हाळा तिच्यावरच खर्च होतो. तिसरी, अनोळखीपणाची : सगळं नीट दिसतंय, ऐकू येतंय, तरी आत शिरता येत नाही. ही रचनेची तक्रार. ती सरावाने मिटत नाही. एक तर रचना बदलावी लागते, नाही तर प्रेक्षक.

अडचण अशी की स्टारच्या रचनेत दुसरी आणि तिसरी एकमेकींत मिसळल्या होत्या, आणि त्याला भौतिकशास्त्र जबाबदार होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाची मागची रेघ पुढच्या रेघेपासून जवळपास ४९ मीटरवर. मागून निघालेला सूर पुढे यायला सुमारे ०.१४ सेकंद घेतो. ठोके मिनिटाला १८० असतील तर एक ठोका एक तृतीयांश सेकंदाचा. म्हणजे मागच्याने आणि पुढच्याने अगदी एकाच क्षणी वाजवलं, तरी प्रेक्षकाला मागचा सूर ठोक्याच्या चार दशांशांहून जास्त उशिरा ऐकू येणार. यावरचा उपाय ठरलेला आहे : मागच्यांनी ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभं राहून हाताने ताल देणाऱ्याच्या, हातावर नजर ठेवायची, पुढच्यांनी हाताकडे न बघता मागून येणारा आवाज ऐकून त्यात मिसळायचं. ऐकायला सोपं आहे. अंगवळणी पडायला आठवडे जातात, आणि दर ड्रिल-बदलानंतर पुन्हा सुरुवात.

लांब श्वासाच्या, भरघोस चालीत अशी गफलत झाकली जाते. सूर एकमेकांवर सांडले तरी कानाला गोळा होऊन येतात, थोडे चरबट, पण ओळखू येतील असे. बार्टोकचं तुटक, एकमेकांना छेद देणारं वाक्य मात्र मैदानभर पसरलं आणि ०.१४ सेकंदांनी चुकलं, तर त्याचं वाक्यच राहत नाही, नुसता खडखडाट होतो. म्हणजे 'हे संगीत आहे की गोंधळ?' असं जूनमध्ये म्हणणारा प्रेक्षक त्याच्या कानांपुरता खरं बोलत होता. त्याला रचना अजून ऐकूच आलेली नव्हती. मेलोफोनवाल्या मुलीचा नियम अडतो तो इथे : पाय एकत्र पडतायत, तरी कंटाळा येतोय, पण दोष लिहिणाऱ्याचा की अजून न जुळलेल्या कानांचा, हे जूनमध्ये स्टँडमधून सांगता येत नाही.

परीक्षकांना मात्र ते काही अंशी सांगता येतं. काही परीक्षक मैदानात, वादकांच्या मधून फिरत ऐकतात, काही वर काचेमागे बसून एकूण परिणाम बघतात. शिवाय १९८४ च्या आसपास जुनी 'टिक' पद्धत गेली होती. तीत प्रत्येक चुकीला दशांश कापला जाई, आणि असं काही धोक्याचं लिहिणं म्हणजे आत्मघात ठरला असता. नव्या पद्धतीत काय करायला घेतलंय याचेही गुण मिळू लागले. कॅडेट्सनी १९८३, ८४ आणि ८५ असं सलग तीनदा जिंकून, जॉर्ज झिंगाली यांच्या वाहत्या, असममित ड्रिलसह, बदल कुठल्या दिशेने जाणार ते दाखवलं होतं. स्टारची रचना या नव्या हिशेबाचं अपत्य. स्टँडमधला प्रेक्षक त्या हिशेबाचा भागीदार नव्हता, आणि त्याने का असावं? तो तिकीट काढून आला होता.

आणि त्याच्यासमोर त्याच संध्याकाळी कॅडेट्स होते. त्यांनी घेतलं होतं डेव्हिड होल्सिंगरचं बँडसाठीचं संगीत, 'वसंतात, राजे युद्धावर निघतात त्या वेळी'. शीर्षक बायबलमधलं. त्यातही गुंतागुंत आहे, वेग तर जीवघेणा. पण शीर्षकानेच प्रेक्षकाच्या हातात एक चित्र ठेवलंय : राजे, युद्ध, निघणं. पहिल्या ठोक्यापासून आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते कळतं. म्हणजे अवघड संगीत हा काही स्टारचा एकट्याचा मक्ता नव्हता. फरक दरवाजाचा होता. कॅडेट्सनी तो सताड उघडा ठेवला.

त्या हंगामात स्टारने संकल्पना बदलली नाही. तपशील घासूनपुसून घेतले, पण मेडीआला हसवायचा प्रयत्न केला नाही, मध्येच एखादी ओळखीची चाल घालून प्रेक्षकाला गोंजारलं नाही. आजच्या काही कोअरच्या बाबतीत मला हीच तक्रार आहे की पहिल्या आठवड्यात कुणी नाक मुरडलं की तिसऱ्या आठवड्यात मैदानावर एखादा नवा लाकडी उतार आणि चार ओळींचं निवेदन येतं. स्टारचा हट्ट मला त्यापेक्षा बरा वाटतो. पण हट्ट बरोबर होता म्हणून प्रेक्षक चूक होता, हे काही मला पटत नाही.

तुलनेसाठी पंधरा वर्षं पुढे जाऊ. २००८ मध्ये इलिनॉयच्या रॉकफर्डचं फँटम रेजिमेंट 'स्पार्टाकस' घेऊन उतरलं. हा विषय त्यांनी १९८१ आणि ८२ मध्येही केलेला. गुलामांचं बंड, खाचातुरियनच्या बॅलेचं संगीत, ड्रम मेजरनाच पात्रं केलेलं, आणि मैदानावरून 'मी स्पार्टाकस' अशी ललकारी. इथे तिसरी तक्रार कधी आलीच नाही. जूनमध्येही शेवटच्या रांगेतल्या माणसाला कोण कुणाच्या विरुद्ध आहे ते दिसत होतं. ज्या उणिवा होत्या त्या पहिल्या दोन प्रकारच्या, आणि त्या दोन्ही सरावाने भरून निघणाऱ्या. हंगामभर पाठलाग करत त्यांनी अंतिम रात्री ब्लू डेव्हिल्सना गाठलं : ९८.१२५ विरुद्ध ९८.१००. फरक ०.०२५. ही फेरी झाली ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठाच्या मैदानावर. म्हणजे स्टारच्या गावात. तोवर स्टार या स्पर्धेत उरलं नव्हतं.

'स्पार्टाकस'ला जूनमध्येच टाळ्या होत्या आणि 'मेडीआ'ला नव्हत्या, यावरून सोपी गोष्ट सांगायची रचना चांगली आणि कठीण वाईट, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला वाटतं फरक अंतराचा आहे. स्पार्टाकसचे हावभाव शंभर यार्डांच्या मापाचे आहेत : हात वर, मुठी, धावणं, कोसळणं. मेडीआचे हावभाव मुळात नाट्यगृहाच्या मापाचे. ग्रॅहॅमचं आत ओढलेलं पोट पाचव्या रांगेतून दिसतं. तीच हालचाल सत्तर-ऐंशी वादकांनी एकदम केली तरी साठ मीटरवरून, जूनच्या लांबलेल्या संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, ती खांदे पडल्यासारखी दिसते. शिवाय वाद्य ओठाला लावलेलं, त्यामुळे चेहरा झाकलेला. झायलोफोनचे ते तुटक सूर, ज्यांच्यावर बार्बरची सगळी भीती उभी आहे, मायक्रोफोनशिवाय पहिल्या वीस रांगांच्या पुढे गेले असतील की नाही याची शंका आहे. आकार मोठे होते, पण आशय लहान हालचालींत ठेवला होता. परीक्षक मैदानात होते म्हणून त्यांना तो भेटला. ध्वनिचित्रफितीत कॅमेरा जवळ जातो म्हणून आपल्यालाही भेटतो, आणि म्हणूनच आज हा कार्यक्रम 'काळाच्या वीस वर्षं पुढे' वगैरे म्हणून डोक्यावर घेतला जातो. डोक्यावर घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वरच्या स्टँडमधून पाहिला होता, हे विचारायला हवं.

म्हणून मी त्या वर्षीच्या जूनच्या प्रेक्षकाला अडाणी म्हणणार नाही. 'काही कळलं नाही' हा त्याचा शेरा रचनेतल्या एका खऱ्या गोष्टीवर बोट ठेवतो, फक्त त्याने कारण चुकीचं दिलं. तो म्हणाला संगीत कुरूप आहे. बार्टोक कुरूप नाही. प्रेक्षकाला तो जिथून दिसायला-ऐकायला हवा होता तिथे बसवलेलं नव्हतं. आणि हा दोष ऑगस्टपर्यंत घासून जाणारा नव्हता, कारण स्टेडियम घासता येत नाही. एक दशांशाचा निकाल यामुळे लागला असं मात्र कुणी म्हणू नये. दहा-बारा परीक्षकांच्या बेरजेत एक दशांश कशानेही इकडचा तिकडे होतो.

स्टारने १९९३ नंतर स्पर्धा सोडली. १९९४ पासून ते कॅनेडियन ब्रास या पंचकाबरोबर 'ब्रास थिएटर' म्हणून कार्यक्रम करू लागले. त्यातून पुढे जेम्स मेसन यांच्या दिग्दर्शनाखाली 'ब्लास्ट!' तयार झालं, डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोत उघडलं आणि २००१ मध्ये ब्रॉडवेवर गेलं. त्या वर्षी त्याला विशेष नाट्यप्रयोगाचा टोनी पुरस्कार मिळाला. त्यात 'मेडीआ' होती. तोच बार्बर, तीच अंग आक्रसून घेणारी शरीरं, त्याच लांब दांड्या. ब्रॉडवे थिएटरमध्ये सतराशेच्या आसपास खुर्च्या आहेत, प्रकाश हवा तिथेच पडतो, आणि झायलोफोन शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. तिकीट काढून आलेल्या पर्यटकांनी, ज्यांना ड्रम कोअर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, ती पाहिली आणि टाळ्या वाजवल्या.